मदत हवी आहे: १६ इंची जुनी वायर व्हील्स, फोर्ड १९३५ की केल्सी-हेज?

ओहायोत एका शेतावरच्या कोठारात पाच वायर व्हील्स (तारेच्या स्पोकची चाकं) विकायला आहेत. ती १९३५च्या फोर्डची की केल्सी-हेज या चाकं बनवणाऱ्या कंपनीची, हे ओळखायचंय. विकणारा फोर्डच्या जुन्या 'मॉडेल ए' गाडीची म्हणतो, मला पटत नाही. मॉडेल एची १९२८-२९ला २१ इंची, १९३०-३१ला १९ इंची होती. यांच्या टायरवर ६.००-१६ लिहिलंय, म्हणजे चाक १६ इंची.

पाच बोल्टची भोकं आहेत. शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर सव्वातीन इंचांच्या किंचित आत, म्हणजे भोकांचं वर्तुळ साडेपाच इंची, फोर्ड वापरायची तेच. स्पोक वेल्ड केलेले. ते मुळातच वाकवलेले वाटतात, पण रंगाचे थर आणि गंज इतका की शपथेवर सांगता येणार नाही. एका चाकाचे दोन स्पोक मात्र नक्की ठोकर खाऊन वाकलेत.

टायर काढू देत नाही, त्यामुळे रिमच्या आतला शिक्का बघता येत नाही. रंग खरवडायचीही परवानगी नाही.

चाकं मॉडेल ए रॉडस्टरला (उघड्या टपाच्या गाडीला), १९४० फोर्डच्या हायड्रॉलिक ब्रेकच्या ड्रमवर लावायचीत. त्यासाठी चाक आणि ड्रममध्ये आधाराची रिंग लागते ते ठाऊक आहे.

ऑनलाइन दिसतात ते दुरुस्त केलेल्या संचांचे मागितलेले भाव. ते इथे कामाचे नाहीत. टायर न उतरवता फोर्ड आणि केल्सी-हेज ही दोन प्रकारची चाकं ओळखायची खूण कोणती? आणि अशा गंजक्या पाचांना तुम्ही प्रत्यक्ष किती मोजाल?