‘ॲनाकोंडा’ कुठे पाहिलात? हसलात की टरकलात?

१९९७ च्या ‘ॲनाकोंडा’ या अजस्र सापाच्या सिनेमाला रॅझीची, म्हणजे वाईट सिनेमांना देतात त्या पुरस्कारांची, सहा नामांकनं होती, ‘सर्वांत वाईट चित्रपट’ धरून. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने मात्र चारपैकी साडेतीन तारे दिले! परवा पुन्हा बघताना मला दोन्ही बाजू पटल्या. तुमचे अनुभव येऊ द्या.

विहिरीकाठचा
आमच्याकडे केबलवर हिंदीत लागायचा. शेजारच्या काकू “पोरांनी बघायचं नाही” म्हणून आम्हाला बाहेर काढायच्या आणि स्वतः पाय वर घेऊन खुर्चीत बसायच्या. आम्ही खिडकीतून बघितला. दुसऱ्या दिवशी विहिरीत उडी मारायला कुणी तयार होईना. शेवटी एकाला ढकलला, तर पाण्यात दिवड निघाली. साधी हातभर दिवड हो! पण तो जो वर आला तो चपला तिथंच टाकून थेट घरी. सुट्टी संपेपर्यंत विहीर बंद. तेव्हा कुणी मला म्हणालं असतं की साप रबरी वाटतो, तर भांडलो असतो.

सर्पमित्र
सुरुवातीलाच पाटी येते, की हा साप गिळलेलं सावज ओकून टाकतो, पुन्हा मारता यावं म्हणून. साफ थाप. साप ओकतो ते घाबरल्यावर, अंग हलकं करून पळायला. किंचाळत तर नाहीच. आणि चाळीस फूट? खरा हिरवा ॲनाकोंडा पाच-सहा मीटर भरला तरी डोक्यावरून पाणी. अजूनही धामण पकडायला गेलो की पोरं विचारतात, “काका, हा माणूस ओकतो का?”

हॉस्टेलवाला
बोटीमागचा धबधबा खालून वर चढतो, बघितलाय का? रीळ उलटी फिरवलीय. आम्ही तेवढंच वीसदा रिवाइंड केलं.

चौकट राजा
जॉन व्हॉइटला नावं ठेवू नका. ऑस्कर मिळालेला नट सापाच्या पोटातून बाहेर पडतो आणि जेनिफर लोपेझला डोळा मारतो! रॅझीवाल्यांनी तो आणि यांत्रिक साप यांना ‘वाईट जोडी’तही नामांकन दिलं. मला तर ती सिनेमातली एकमेव जमलेली जोडी वाटते. २००४ चा दुसरा भाग बोर्निओत घडतो, जिथे ॲनाकोंडा नसतोच. तो बघू नका.

जुना केबलवाला
@विहिरीकाठचा, गाव कुठलं? परीक्षणं कोण वाचत होतं! आम्ही फोन मोजायचो. याचे यायचे रात्री साडेअकरानंतर, आणि बहुतेक काकूंचेच.