'रेफरन्स' देणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा: नोकरीच्या अर्जाचं मराठी करतोय. 'दोन रेफरन्स द्या' इथे अडलंय. त्याखालीच 'सध्याच्या मालकाशी संपर्क साधावा का? हो/नाही' आहे. 'संदर्भ' लिहिलं तर लोक पुस्तकांची यादी जोडतील.

उंबरठा: शिफारसकर्ता.

पोटफोड्या: छे. शिफारस करणारा बाजू घेतो. इथे नवीन कंपनी विचारते, हा उत्तर देतो. पुष्कळदा एचआर फक्त रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि हुद्दा एवढंच कळवतं. यात शिफारस कुठे आली?

उंबरठा: मग 'हवाला'. 'अमक्याचा हवाला देऊन' म्हणतोच की आपण.

कानामात्रा: अर्जात हवाला? पैशांची बॅग आठवते.

पोटफोड्या: मूळ अरबी, अर्थ सोपवणं. हवाली, हवालदार त्याच घरातले. नाव नंतर बद्दू झालं.

शेरा: शब्द सावकाश ठरवा, पण तो दुसरा रकाना जपून लिहा, त्यापायी नोकरी जाते. 'मालक' नको, 'सध्याच्या नोकरीच्या ठिकाणी' लिहा. नाहीतर मालकाला सोडून शेजारच्या टेबलावर फोन जातो. नोकरीत असणाऱ्याने तिथे 'नाही' लिहायचं, पुढे 'लेखी ऑफरनंतर, मला विचारून'. ऑनलाइन अर्जात साहेबांचा ईमेल सक्तीचा असेल तर आधी भरतीवाल्याशी बोलावं. काही ठिकाणी अर्ज पाठवला की पडताळणीची मेल आपोआप सुटते, मध्ये माणूस नसतोच.

कानामात्रा: मग दोन नावं कोणाची?

शेरा: आधीच्या नोकरीतला साहेब, आणि सध्याच्याच ठिकाणाहून सोडून गेलेला वरिष्ठ. दुसरा जास्त कामाचा, त्याने आत्ताचं काम पाहिलेलं असतं. ग्राहकही चालतो, पण त्याचं साहेबांशी रोजचं बोलणं नसेल तरच. नाव देण्याआधी विचारायचं, जाहिरात पाठवायची आणि 'इथे अजून कोणाला माहीत नाही' हे स्पष्ट सांगायचं. हे शेवटचं राहून जातं नि तिथूनच बातमी फुटते. सध्याच्या नोकरीला पुरावा म्हणून नेमणूकपत्र आणि पगारपावत्या पुरतात का, ते विचारा. ऑफर 'पडताळणीच्या अधीन' असेल तर बाकीची पडताळणी आधी उरकू द्यायची आणि सध्याच्या ठिकाणची राजीनाम्यानंतरच होईल, हे लेखी घ्यायचं.

उंबरठा: 'पडताळणी' झकास! मग 'पडताळणी-व्यक्ती'?

पोटफोड्या: ती काय पंचनाम्याला येणार आहे? 'माहितगार' म्हणा. साधा, घरचा शब्द.

उंबरठा: घरचा कसला? 'गार' प्रत्यय फारसी. 'दोन माहितगार द्या' वाचून लोकांना गुन्हेगार आठवतील.

कानामात्रा: आणि 'माहीत'मधला ही दीर्घ ना? मग 'माहितगार' ऱ्हस्व कसा?

पोटफोड्या: दोन्ही बरोबर. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा नियम बघा.

उंबरठा: तो नियमच मुळात मोडीत काढायला हवा.