धर्मांतर, जात आणि शासनाची व्याख्या

जातीचा आधार धर्मविचारात असल्याने धर्म बदलला की सामाजिक बहिष्कारही संपतो, असे एक मत मांडले जाते. संशोधन मात्र याला दुजोरा देत नाही. समाजशास्त्रज्ञ रोवेना रॉबिन्सन यांनी गोव्यातील कॅथलिक समाजाचा जो अभ्यास केला, त्यात चर्चच्या सणांमधील मानपान उच्चजातीय गावकर (गावच्या जमिनीचे व कारभाराचे मूळ हक्कदार) घराण्यांच्या कॉन्फ्रारियांशी (चर्चशी जोडलेल्या धार्मिक मंडळांशी) कसे बांधलेले होते आणि शूद्र मानले गेलेले त्यापासून कसे दूर राहिले, हे तपशिलाने येते. सिद्धांतात समता सांगणाऱ्या धर्मातही जमीन, गावकी आणि विवाहसंबंध पूर्वीच्याच हातांत राहिले, तर उतरंड टिकून राहते.

शासनाची भूमिका मला अधिक महत्त्वाची वाटते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती मर्यादित केली (पंजाबातील काही शीख जातींचा अपवाद होता). पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध तिच्यात आले, पण दलित ख्रिस्ती व मुस्लिम आजही बाहेर आहेत. बाबासाहेबांबरोबर 1956 मध्ये नागपुरात दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे थांबावे लागले, जरी महाराष्ट्राने राज्यपातळीवर त्या आधीच लागू केल्या होत्या. वेगळ्या दफनभूमीचा अनुभव घेणाऱ्या तमिळनाडूतील दलित ख्रिस्ती माणसाला ‘तुमच्या धर्मात जात नाही’ असे कायद्याने सांगणे, हीसुद्धा विचारसरणीच आहे आणि तिच्यामागे सत्ता उभी आहे.