मदत हवी आहे : कोंबडी पिसं फुगवून बसलीय, जंताचं औषध कोणतं देऊ?

माडाखाली :
आमची तांबडी कोंबडी परवापासून कोपऱ्यात डोळे मिटून बसून आहे. तुरा पांढुरका पडलाय. दाणे टाकले की बाकीच्या तुटून पडतात, ही जागची हलत नाही. जंतच असणार. मेडिकलमध्ये मिळेल असं औषध आणि किती द्यायचं ते सांगा. गुरांचा दवाखाना लांब आहे, पाऊस थांबत नाही. जरा लवकर, आई सारखी तिच्यापाशी जाऊन बसते.

दापोलीकर :
जंतच कशावरून? वय काय, शीट कसली पडते, लसी झाल्यात का, बाकीच्या बऱ्या आहेत का? आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, तर नाही ना? खुडूकही फुगून बसते.

माडाखाली :
खुडूक नाही हो, खुडूक आम्हाला कळते. शीट पातळ आहे, अंडी बंद आहेत. औषधाचं नाव हवंय.

घाटमाथा :
औषधाच्या नादी लागूच नका. लसूण ठेचून, थोडी हळद घालून भातातून द्या. आमच्या आजीने जन्मभर एवढंच केलं, खुराडं कायम भरलेलं असायचं.

निवृत्त_पशुसेवक :
लसूण-हळदीने अपाय नाही, पण आतड्यात भरलेले जंत त्याने पडतील या भरवशावर राहू नका. ताई, 'पातळ' एवढ्यावरून काही सांगता येत नाही. हिरवट शीट आणि मान वाकडी होत असेल तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा संशय. तिच्यावर औषध नाही, कोंबडी लगेच वेगळी करा. शिटेत रक्त असेल तर रक्ती हगवण. पावसाळ्यात खुराड्यातला तूस ओला राहिला की ती हमखास येते, आणि जंताच्या औषधाने जात नाही, तिला अँप्रोलियम लागतं. तुरा फिका पडायला रात्री रक्त पिणारे बारीक किडेही कारण असतात, बॅटरी लावून खुराड्याच्या फटी बघा. मुख्य म्हणजे तिला हातात घ्या आणि छातीचं हाड चाचपा, किती रोडावलीय ते कळेल. गळ्याखालची पिशवी सकाळी उपाशीपोटीही टणक लागली तर दाणा अडकलाय.

बारामतीचा_शेडवाला :
एवढं कशाला? पायपरझिन पाण्यातून द्या. रात्री पाणी काढून घ्यायचं, सकाळी तहानेने सगळ्या पितात. आम्ही तेच करतो.

निवृत्त_पशुसेवक :
पायपरझिन गोल जंतांवर चालतं. परसातली कोंबडी मुंग्या, भुंगेरे खाते, त्यातून चपटे जंत होतात, त्यांना ते लागू पडत नाही. शिवाय आजारी कोंबडी पाण्याला तोंडच लावत नसेल तर डोस पोचणार कसा?

बारामतीचा_शेडवाला :
पिंजरे येण्याआधी आमच्याही जमिनीवरच होत्या. अनुभवाने बोलतोय.

कडकनाथप्रेमी :
मी तर म्हणतो कडकनाथ पाळा. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पिल्लं हवी असतील तर कुठून घ्यायची ते सांगतो.

दापोलीकर :
त्यांनी पिल्लं मागितलेली नाहीत. कोंबडी आजारी आहे.

नंदुरबारी :
२००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आमच्या भागातल्या कोंबड्या मारताना पाहिल्यात. एकदम दोनचार मेल्या तर हात लावू नका, सोलू नका, १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

माडाखाली :
मेली कोणीच नाही. आठ कोंबड्या, एक कोंबडा. तांबडी दोन वर्षांची. मान सरळ आहे, रक्त नाही, गळ्याखाली मऊ लागतं. छातीचं हाड मात्र सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं. आणि आत्ता शिटेत तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसले, त्यातला एक हलत होता.

दापोलीकर :
हीच गोष्ट पहिल्यांदा लिहायची होती!

निवृत्त_पशुसेवक :
ते चपट्या जंताचे तुकडे. पायपरझिनवर पैसे घालवू नका. माणसाच्या गोळीचा तुकडा अंदाजाने देऊ नका, डोस वजनावर ठरतो. ताजी शीट डबीत घालून दवाखान्यात न्या, कोंबडीला पावसात नेऊ नका. औषध नऊही जणांना द्यायचं, एकटीला दिलंत तर काही उपयोग नाही. मानमोडीची लस राहिली असेल तर आधी जंताचं औषध, सगळ्या बऱ्या झाल्या की लस. आजारी पाखराला लस टोचायची नाही.

घाटमाथा :
बरोबर लसूण तरी द्या.

माडाखाली :
जाऊन आले. डॉक्टरांनी शीट तपासली, चपटे आणि गोल दोन्ही निघाले. तांबडीचं वजन आईने पिशवीत घालून ताणकाट्यावर केलं होतं, त्यावरून डोस लिहून दिला. काल तिन्हीसांजेला सगळ्या खुराड्यात शिरल्यावर एकेकीला धरून चोचीच्या कडेने सिरिंजने औषध सोडलं. अंडी कधीपर्यंत खायची नाहीत तेही चिठ्ठीवर आहे. तांबडी गुळाचं पाणी प्यायली, दाण्याला अजून शिवत नाही. खुराड्यातला ओला तूस काढून चुना टाकला. आता एकच सांगा. आमच्या कोंबड्या दिवसभर शेजारच्या परसात चरतात. त्यांच्या कोंबड्यांना औषध दिलं नाही तर परत होईल का?

निवृत्त_पशुसेवक :
होईल. गोल जंतांची अंडी ओल्या मातीत महिनोन् महिने टिकतात. शेजाऱ्यांनाही चिठ्ठी दाखवा.

माडाखाली :
आई गेलीय त्यांच्याकडे.