शब्दचर्चा : ‘कृत्रिम हृदय’, ‘बॅटरी पंप’ की ‘मदत-पंप’?

प्रश्न (आशा सेविका, आर्णी तालुका) : एलव्हॅड (कमजोर हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारा, शरीरात बसवलेला बॅटरीवरचा पंप) बसवलेल्या रुग्णाच्या घरी लावायच्या कागदावर कोणता शब्द लिहावा? ‘बॅटरी पंप’ म्हटलं की लोकांना कपाशीवरच्या फवारणीचाच पंप वाटतो.

परिचारिका, हृदयशस्त्रक्रिया विभाग : ‘कृत्रिम हृदय’ तर नकोच. त्यात मूळ हृदयाचा खालचा भाग काढून तिथे यंत्र बसवतात. इथे हृदय जागेवरच राहतं. पंप डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या) टोकाला बसतो, तिथलं रक्त घेऊन महाधमनीत सोडतो. म्हणून ‘हृदयाचा मदत-पंप’. पंपाला वीज पुरवणारी जी तार पोटातून बाहेर येते तिला ‘वायर’च म्हणा. ‘नळी’ म्हटलं की लघवीच्या नळीसारखी काढता-घालता येते असा समज होतो. वायर ओढली गेली की कातडीपाशी जखम होते अन् तिथून जंतू आत शिरतात. ती पट्ट्यानं पोटाशी बांधलेली हवी, ड्रेसिंग कोरडं हवं. विहिरीत, नदीत उतरणं बंद.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र : त्याहून महत्त्वाचा शब्द ‘नाडी’. आपल्याकडे ‘नाडी लागत नाही’ म्हणजे माणूस गेला. हा पंप मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांनी सतत रक्त ढकलतो, त्यामुळे चालत्या-बोलत्या माणसाचीही नाडी बऱ्याचदा लागत नाही. बीपीचं ऑटोमॅटिक यंत्र एरर दाखवतं, ऑक्सिमीटरचा आकडा भरवशाचा नसतो. बीपी कफ आणि डॉप्लरनं (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रानं) मोजायचं. सरासरी दाब साधारण ७० ते ९०.

कागदावर ठळक लिहा : रुग्ण बेशुद्ध असेल तर श्वास, अंगाचा रंग, ऊब बघा. छातीला स्टेथोस्कोप लावून सतत घुंऽऽ ऐकू येतं का बघा. कंट्रोलरचा (पंप चालवणाऱ्या, अंगाबाहेरच्या डब्याचा) अलार्म, बॅटऱ्या, वायरची जोडणी तपासा; सुटलेली असेल तर बसवा. पंप सुरू होत नाही आणि श्वासही नाही, तर छाती दाबायला लागा आणि १०८ बोलवा.

आशा सेविका : अन् लाइन गेली तर?

परिचारिका : हार्टमेट ३ या एलव्हॅडच्या भरलेल्या दोन बॅटऱ्या १७ तासांपर्यंत चालतात. बदलताना एका वेळी एकच काढायची. दोन्ही एकदम काढल्या तर कंट्रोलरमधली आपत्कालीन बॅटरी किमान १५ मिनिटं पंप चालवते, पण त्या भरवशावर राहू नका. डीपी जळाली की लाइन यायला दिवस लागतात, तेव्हा बॅटऱ्या कुठं चार्ज करायच्या ते ठिकाण आधीच ठरवून कागदावर लिहा.

वैद्यकीय अधिकारी : आणखी एक. वॉरफरिनला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हटलं की अशक्तपणा येईल म्हणून घरचे ती बंद करतात. ‘पंपात गुठळी होऊ न देणारी गोळी’ लिहा. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा आकडा) बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. संडास काळी, चिकट झाली तर आतून रक्त जातंय असं समजा. गोळी आपल्या मनानं न थांबवता त्याच दिवशी पंप बसवलेल्या दवाखान्यात फोन करा.