जुन्या पेट्रोल-सीएनजी गाडीचा तिसरा सिलिंडर इंजिन गरम झाल्यावरच मिसिंग करतो: निदानासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे २००६ सालची चार सिलिंडरची हॅचबॅक आहे. इंजिन एमपीएफआय आहे (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर), प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आहेत आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग, स्क्रू व चेकनटाने जुळवता येतात. गाडी १ लाख ४२ हजार किलोमीटर चालली आहे. २०१४ मध्ये सीएनजी किट बसवले आणि त्यानंतरचे बहुतेक अंतर सीएनजीवरच झाले. वडिलांनी घेतलेली ही गाडी पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून मी मुद्दाम ठेवली आहे आणि ती आणखी बरीच वर्षे नीट चालावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सकाळी थंड इंजिन सुरू केले की आवाज एकसारखा असतो. दहा-बारा मिनिटांनी तापमानाचा काटा मध्यावर आला की सिग्नलला उभे असताना इंजिन हादरू लागते आणि सायलेन्सरमधून ठरावीक अंतराने फट-फट असा आवाज येतो. २००० आरपीएमच्या वर हा त्रास जवळजवळ जाणवत नाही, परंतु खंबाटकी घाट चढताना पिकअप कमी पडल्याचे स्पष्ट कळते. मागच्या पीयूसी तपासणीत हायड्रोकार्बनचे प्रमाण ७५० पीपीएमच्या मर्यादेबाहेर गेले, म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरमधले इंधन न जळताच बाहेर पडत आहे, यालाच मिसिंग म्हणतात.

या काळातल्या गाड्यांना ओबीडी, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची नव्हती, त्यामुळे स्कॅनर लावून सिलिंडरचा क्रमांक सांगणारा कोड मिळाला नाही. म्हणून इंजिन गरम असताना पेट्रोलवर एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहिले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याला इंजिन लगेच बसू लागले, तिसऱ्याला मात्र काहीच फरक पडला नाही. (एका गॅरेजमध्ये चालू इंजिनाच्या प्लग वायर उपसून हीच चाचणी करत होते. ती मी थांबवली, कारण त्याने ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलवर ताण येतो आणि कच्चे पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते.)

तिसऱ्याचा प्लग पहिल्याला आणि पहिल्याचा तिसऱ्याला लावला, नंतर वायरींचीही तशीच अदलाबदल केली, तरी मिसिंग तिसऱ्यातच राहिले. या इंजिनात दोन कॉइल असून एक कॉइल पहिल्या व चौथ्या सिलिंडरला आणि दुसरी दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी देते. कॉइल कमजोर असती तर दुसऱ्या सिलिंडरमध्येही त्रास दिसायला हवा होता, असे मला वाटते. मिसिंग पेट्रोलवर आणि सीएनजीवर सारखेच होते, त्यामुळे पेट्रोलच्या इंजेक्टरवरचा संशयही मी सोडून दिला. बाहेरची हवा आत शिरते का हे पाहण्यासाठी इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती कार्ब क्लीनर फवारून पाहिला. त्यानेही इंजिनाच्या गतीत फरक पडला नाही.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने सिलिंडरमध्ये निर्माण केलेला दाब, तपासले. सगळे प्लग काढून, इंधन व कॉइल बंद ठेवून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गरम इंजिनावर आलेले आकडे पहिल्यापासून क्रमाने १७२, १६८, ११८ आणि १७० पीएसआय असे आहेत. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल घातल्यावर आकडा केवळ १२२ झाला, त्यामुळे पिस्टनच्या रिंग झिजल्या असाव्यात असे वाटत नाही (तसे असते तर ऑइलने फट बुजून आकडा बराच वाढला असता). दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड इंजिनावर त्याच सिलिंडरने १५० दाखवले, आणि याचाच उलगडा मला होत नाही. कूलंट कमी होत नाही, ऑइलही पांढरट झालेले नाही.

एका गॅरेजने कॉइल आणि ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) दोन्ही बदलायला सांगितले आहे, तर दुसऱ्याने पूर्ण इंजिन उतरवून पिस्टन-रिंगचे काम सुचवले आहे. वरील आकड्यांवरून दोन्ही सल्ले मला पटत नाहीत. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्याआधी आणखी काय तपासावे, आणि थंड व गरम कॉम्प्रेशनमध्ये एवढा फरक का पडावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपण क्रमाने तपासणी केली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. थंड आणि गरम आकड्यांतला फरक हीच मुख्य खूण आहे. सीएनजीवर बरीच वर्षे चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बंद झाल्यावर व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी, हळूहळू खचते. व्हॉल्व्ह वर सरकत जातो आणि टॅपेटची फट, म्हणजे क्लिअरन्स, कमी होत जाते. टॅपेट ढिले असले की टकटक ऐकू येते, पण घट्ट झालेले टॅपेट काहीच आवाज करत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलेली फट संपते आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. कमी गतीत दाब गळून जायला वेळ मिळतो आणि जास्त गतीत तो मिळत नाही, म्हणून २००० च्या वर मिसिंग लपते. दोन सिलिंडरमधले हेड गॅस्केट गेले असते तर शेजारच्या सिलिंडरचाही आकडा खाली आला असता.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) दोन्ही टॅपेटची फट मोजा. त्याच स्थितीत प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून कान द्या. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट असे समजावे. हवा सोडताना क्रँक एकदम फिरू शकतो, त्यामुळे पुलीवर पाना अडकवून ठेवू नका. आणि तोवर गाडी चालवणे टाळा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो, टेकत नसेल तर त्याची कड जळते.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. काल सकाळी मोजले. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये सर्वांत पातळ, ०.०५ मिमीचे पातेही गेले नाही. चौथ्याची फटही पुस्तिकेतल्या मापापेक्षा कमी निघाली, इनटेकची सर्व मापे ठीक होती. पुस्तिकेप्रमाणे सर्व टॅपेट जुळवल्यावर गरम इंजिनावर तिसऱ्याचे कॉम्प्रेशन १५८ आले आणि सिग्नलला इंजिन आता शांत उभे राहते.

हवेच्या चाचणीत मात्र सायलेन्सरमधून बारीक फुसफुस अजून ऐकू येते, म्हणजे व्हॉल्व्हची कड थोडी तरी जळलेली असणार. त्यामुळे हेड उतरवायचेच ठरवले आहे. तोपर्यंत गाडी फक्त जवळच्या कामासाठी काढेन आणि दर हजार किलोमीटरला ही फट मोजेन. आता एवढेच विचारतो: चारही एक्झॉस्ट सीट काढून सीएनजीसाठीच्या कठीण धातूच्या सीट बसवाव्यात, की फक्त तिसऱ्याचा व्हॉल्व्ह बदलून बाकीच्यांचे ग्राइंडिंग करावे? सातारा-पुणे भागात सीट बसवण्याचे काम कोणी जाणकाराकडून करून घेतले असल्यास, त्यानंतर टॅपेटची फट किती किलोमीटर टिकली तो अनुभव जरूर लिहावा.