मदत हवी आहे: ६ मिमीच्या वॉटर्लूसाठी स्वस्तातली रणभूमी

तोफखाना

नमस्कार मंडळी,

टेबलावरच्या युद्धखेळासाठी ६ मिमी उंचीचे नेपोलियनकालीन सैनिक रंगवून होत आले आहेत. आता टेबलाची वेळ आली आहे. १८ जून १८१५ ची वॉटर्लूची लढाई पूर्ण मांडायची आहे, ऊगूमाँच्या वाड्यापासून पापलोतच्या वाड्यापर्यंत, आणि प्रशियन येतात ते प्लांसन्वा गावही कोपऱ्यात बसवायचं आहे. सगळे पैसे सैनिकांवरच गेल्यामुळे तयार टेरेन (टेकड्या, घरं, झाडं) घेणं शक्य नाही. घरात सापडेल त्यातून, फार तर हार्डवेअर आणि स्टेशनरीत मिळेल त्यातून भागवायचं आहे.

टेबल १८० बाय १२० सेंमीचं आहे. सैनिक ज्यावर चिकटवले ते बेस सगळे ६० बाय ३० मिमी, एक बेस म्हणजे एक बटालियन. खेळ संपला की सगळं पलंगाखाली जायला हवं, कायमचं टेबल ठेवायला जागा नाही.

मोठे, २८ मिमीचे सैनिक वापरणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून पाहून डोळे थकले, पण त्यांच्या युक्त्या इथे चालत नाहीत. त्यांची साधी वाळूच घ्या. ६ मिमी म्हणजे साधारण १/३०० धरलं, तर अर्ध्या मिलिमीटरचा कण हा १५ सेंमीचा धोंडा होतो. एवढे धोंडे तुडवत नेपोलियनची इंपिरियल गार्ड वर चढणार कशी?

अडलंय ते असं:

१) टेकडीची कड. पुठ्ठ्याचे थर लावले तर बेस छान बसतात पण जिना दिसतो. उतार केला तर बेस घसरतात. आणि ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचे निम्मे डावपेच म्हणजे सैन्य कडेच्या मागच्या उतारावर दडवणं. कोण दिसतं आणि कोण नाही यावरून दर चालीला वाद नकोत.

२) ऊगूमाँ आणि ला ए सँत हे वाडे. १/३०० ने घरं करायला घेतली तर टेबलावर दुसरं काही मावणार नाही असं दिसतंय.

३) शेतं. तिथे राय (गव्हासारखं धान्य) उभी होती, माणसाच्या उंचीची. ती कशी दाखवायची?

४) झाडं. स्वस्त, पुष्कळ, आणि न मोडणारी.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

---

पुठ्ठेबहाद्दर

कटर खाली ठेवा आणि आधी कागद-पेन्सिल घ्या. तुमच्या चारपैकी दोन प्रश्न गणितानेच सुटतात.

वॉटर्लूची आघाडी साधारण ५ किमी. ती १८० सेंमीत बसवायची तर जमिनीचं प्रमाण झालं सुमारे १ : २८००. टेबलावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवरचे जवळपास २.८ मीटर. सैनिक १/३०० चे आणि जमीन १/२८०० ची. हे दोन आकडे वेगळे आहेत, वेगळेच राहणार, आणि टेरेन करताना जमिनीचा आकडा धरायचा. बहुतेक जण सैनिकाचा धरतात आणि मग टेबलावर दोन वाडे आणि एक झाड एवढंच उरतं.

तुमचा ६० मिमीचा बेस या हिशेबाने १६५ मीटरच्या आसपास येतो. ६०० जणांची ब्रिटिश बटालियन दोन रांगांत उभी केली तर ३०० जणांची रुंदी होते, माणशी अर्ध्या मीटरपेक्षा थोडं जास्त. म्हणजे तेवढीच! रुंदीत तुमचे बेस चपखल बसले आहेत. घोळ खोलीत आहे. ३० मिमी म्हणजे ८० मीटरहून जास्त, आणि खरी दोन रांगांची ओळ काही पावलांतच संपते. म्हणून कडेमागचा उतार नकाशापेक्षा थोडा सढळ हाताने ठेवा. मागे निदान तीन बेस एकामागे एक उभे राहिले पाहिजेत, नाहीतर दुसरी फळी आणि घोडदळ ठेवायला जागाच नाही.

आता घरं. ६० मीटर लांबीचं कोठार १/३०० ने केलं तर २० सेंमी. तुमच्या जमिनीवर ते अर्ध्या किलोमीटरहून लांब पसरेल. जमिनीच्या प्रमाणात केलं तर जेमतेम २ सेंमी. मधला मार्ग असा: घरं १/६०० च्या आसपास करा आणि संख्या कमी करा. ऊगूमाँला तीन-चार छपरं आणि एक भिंत पुरे. दोन मजली घराची उंची सव्वा सेंमीच्या आसपास येते, शेजारी ६ मिमीचा सैनिक उभा राहिला तरी डोळा चालवून घेतो. फक्त दारं दाखवू नका. दार दिसलं की लगेच कळतं की सैनिक त्यातून आत जाणार नाही. खिडक्यांच्या जागी काळपट ठिपके, बस.

---

गवताळ

घरांसाठी एक्सपीएस फोमची पट्टी कापा. भिंतींवर घालतात तो गुलाबी किंवा निळा इन्सुलेशनचा पत्रा, त्याचे तुकडे बांधकामावर उरलेले असतात, विचारलं तर देतात. पट्टीची वरची धार दोन्ही बाजूंनी तिरकी छाटली की छप्पर तयार. मग पट्टीचे तुकडे पाडत जा, एका पट्टीत अख्खं गाव निघतं. कौलांच्या रेघा बॉलपेनने दाबून काढायच्या, कोरायच्या नाहीत. कोरलेली रेघ या आकारात दरीसारखी दिसते.

स्प्रे रंग थेट मारू नका, त्यातलं द्रावण फोम खातं. आधी फेविकॉलमध्ये थोडं पाणी आणि काळा ॲक्रिलिक रंग कालवून एक हात द्या, कोपरे सुटू देऊ नका. गरम तारेने कापणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नाही.

थर्माकोल टाळा. मणी सुटतात आणि ६ मिमीच्या शेजारी एकेक मणी टपोरा दगड वाटतो.

---

उंटावरचा शहाणा

कडेसाठी पुठ्ठाही नको आणि फोमही नको. कापड घ्या!

जाडसर सुती कापड किंवा कॅनव्हास, टेबलापेक्षा चार बोटं मोठं. त्यावर खिडकीच्या फटी बुजवायचा ॲक्रिलिक सीलंट, मातकट रंग कालवून, पातळ थरात फासायचा. सिलिकॉनचा नको, त्यावर रंग धरत नाही. ओला असतानाच त्यावर बारीक चाळलेली माती आणि लाकडाचा भुसा भुरभुरवायचा. पीठ चाळतात त्या चाळणीतून खाली पडेल तेवढंच घ्या, वर उरेल ते २८ मिमीवाल्यांना द्या. वाळल्यावर वेगवेगळ्या हिरव्या आणि पिवळट छटांचे ठिगळ रंगवायचे. रंग हाताशी वाटतात त्यापेक्षा एक-दोन छटा फिके ठेवा. छोट्या वस्तू लांबून काळवंडतात, गडद हिरवं टेबल संध्याकाळच्या दिव्यात चिखल दिसतं.

अशी तयार झालेली चटई लवचिक राहते. खाली पुस्तकं, वर्तमानपत्रांच्या घड्या, फोमचे तुकडे सरकवले की टेकडी झाली. पुढच्या वेळी त्याच चटईवर दुसरी लढाई.

---

पुठ्ठेबहाद्दर

पुस्तकांवर कापड टाकलं की तंबू होतो, टेकडी नाही. कडेची जागा दर खेळाला बदलते आणि धागाकर्त्याला नेमका तोच वाद नको आहे. चटई घ्या, पण खाली फोमचे कायमचे कापलेले तुकडे ठेवा.

उंचीचा हिशेब: १५ मीटरची चढण तुमच्या प्रमाणात साडेपाच मिमी भरते. ती नुसत्या डोळ्याला दिसणार नाही, म्हणून दुप्पट करा, १ सेंमी. तो १ सेंमी किमान १० सेंमी लांबीत उतरवा, म्हणजे दहास एक उतार. एवढ्यावर बेस घसरत नाहीत, शिवाय खाली मातीचा खरखरीत थर आहेच. माथा ४ सेंमी सपाट ठेवा, म्हणजे माथ्यावरचा बेस डुगडुगत नाही.

---

तोफखाना

सगळ्यांचे आभार, डोकं चालू लागलं आहे. कापड खाली फोमसह घेतो.

पण उंची १ सेंमी आणि उतार इतका सौम्य असेल तर माथा नक्की कुठे हे समोरच्याला कळणार कसं? माझा प्रतिस्पर्धी वकील आहे. "माझ्या तोफांना तुझी बटालियन दिसते" म्हणून तो फूटपट्टी आणि टॉर्च घेऊन बसेल.

आणि घरात सैन्य शिरलं की बेस कुठे ठेवायचा?

---

शिलेदार_२मिमी

माथ्याचं उत्तर त्या रणभूमीनेच देऊन ठेवलं आहे. वेलिंग्टनच्या कडेवरून ओएँ गावाकडे जाणारा रस्ता होता. काही ठिकाणी खोल गेलेला, काही ठिकाणी दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं. तो रस्ता रंगवा आणि नियम करा: रस्त्याच्या उत्तरेला जो आहे तो दक्षिणेकडून दिसत नाही, जोवर तो रस्त्याला टेकत नाही. वकिलाला फूटपट्टी लावायला जागाच उरली नाही. फ्रेंचांच्या बाजूलाही ला बेल आलियाँस या सराईजवळून अशीच एक रेघ ठरवून घ्या.

कुंपणाला भांड्यांची हिरवी घासणी ३ मिमी रुंद पट्ट्यांत कापा, कडा बोटांनी कुरतडा. सरळ कापलेली घासणी घासणीच दिसते, कुरतडलेली झुडूप दिसते. रस्ता ६ ते ८ मिमीपेक्षा रुंद करू नका. हिशेबाने तोही फार रुंदच आहे, पण ब्रुसेल्स–शार्लरुआ हमरस्ता ओळखू यायला हवा.

एक सावधगिरी. आजचा नकाशा किंवा उपग्रहाचं चित्र समोर ठेवून कड कापू नका. लढाईनंतर १८२० ते १८२६ या काळात तिथे सिंहाचा टेकाड उभारला, ४० मीटरच्या घरात उंच, आणि त्याची माती त्याच कडेवरून खणून आणली. ला ए सँतमागची चढण आज आहे त्यापेक्षा तेव्हा जास्त होती. ऑस्ट्रियन नेदरलँड्सचा (म्हणजे आजच्या बऱ्याचशा बेल्जियमचा) फेरारिसचा १७७० च्या दशकातला नकाशा मिळतो, त्यात शेतं, वाटा आणि झाडी लढाईच्या जवळच्या काळातली आहे. उंचीच्या रेषा नाहीत, पण वाटा वळतात तिथे जमीन बोलते.

---

गवताळ

घरात बेस ठेवण्याबद्दल. वाडा एका पुठ्ठ्याच्या तबकावर बसवा, घरं त्यावर न चिकटवता. ऊगूमाँचं तबक निदान ९ बाय ९ सेंमी ठेवा: कडेने भिंत, एका अंगाला इमारती, उरलेली बाग मोकळी. ६० बाय ३० चा बेस बागेत उभा राहतो. दक्षिणेकडची झाडी वेगळा तुकडा.

ला ए सँतला एवढी ऐसपैस जागा देऊ नका. तिथे मेजर बेअरिंगचे सुरुवातीला चारशेच्या आसपास जर्मन सैनिक होते आणि दारूगोळा संपल्यावर संध्याकाळी तो वाडा पडला. तबक बेसएवढंच करा, ६० बाय ३०. शिबंदी असेपर्यंत तबक टेबलावर, सैनिकांचा बेस बाजूला. दुसरं काही ठेवायची गरजच नाही.

पुठ्ठ्याच्या तबकाला दोन्ही बाजूंनी रंग द्या. एकाच बाजूने दिलात तर ते वाळताना वाकतं.

---

उंटावरचा शहाणा

शेतं राहिली. जुना टॉवेल. लांब धाग्याचा नको, वापरून विरलेला. पिवळसर तपकिरी रंगात पातळ फेविकॉल घालून टॉवेल त्यात बुडवा, पिळा, आणि ओला असतानाच जुन्या दातांच्या ब्रशने एका दिशेला विंचरा. वाळला की कडक होतो आणि कात्रीने हवा तसा कापता येतो. धागे ३-४ मिमी उभे राहतात. खरी राय १/३०० च्या प्रमाणात ६ मिमी हवी, पण तेवढ्या उंचीत तुमचे सैनिक बुडतील. नांगरलेल्या जमिनीला कॉर्डरॉय, अगदी बारीक रेघांचं. जुन्या पँटचं चालेल.

राय तुडवली जात होती हे विसरू नका. फौज त्यातून गेली की टॉवेलचा तुकडा उचला, खाली चटईवर चपट्या पिवळ्या रंगाचा ठिगळ आधीच रंगवून ठेवा. दुपारपर्यंत अर्धी शेतं गायब.

---

शिलेदार_२मिमी

झाडांना स्पंज. तुकडे करून पाण्यासकट मिक्सरमधून काढा (मिक्सर टाकाऊ हवा, स्वयंपाकघरातला नेलात तर परिणामांना हा प्रतिसाद जबाबदार नाही), पिळून हिरव्या रंगात कालवा आणि कागदावर वाळवा. खोडाला टाचणी किंवा काडीपेटीची अर्धी काडी, तिला गोंद, आणि स्पंजच्या चुऱ्यात बुडवायची. १५ मीटरचं झाड १/३०० ने ५ सेंमी होईल, पण अडीच सेंमीवर थांबा, नाहीतर मागची फौज दिसत नाही.

झाडी मात्र सुट्या झाडांची करू नका. तपकिरी फेल्टचा वेडावाकडा तुकडा म्हणजे झाडीची हद्द, आणि त्यावर तीन-चार झाडं एकेका लोखंडी वायसरवर चिकटवलेली. सैन्य आत आलं की वायसर सरकवायचे, हद्द जागची हलत नाही. वायसरच्या वजनामुळे झाडं आडवीही होत नाहीत.

---

तोफखाना

ओएँचा रस्ता! याच्यावर वकील अपील करू शकत नाही. सीलंट, फोमचे उरलेले तुकडे आणि जुना टॉवेल जमवले आहेत, घासणीवर घरात बोलणी चालू आहेत.

एकच राहिलं. चटई गुंडाळताना रंगीत बाजू आत ठेवू की बाहेर? आणि प्लांसन्वा गावाला वेगळं तबक करावं की घरं थेट चटईवर?

---

उंटावरचा शहाणा

बाहेर. आत ठेवलीत तर भुसा आपापसांत घासून गळतो. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, घडी अजिबात नको.

---

पुठ्ठेबहाद्दर

प्लांसन्वा दोन तबकांत करा, चर्चचं एक आणि उरलेल्या गावाचं एक. तिथे गाव पुन्हा पुन्हा हात बदलत राहिलं, अर्धं प्रशियनांकडे आणि अर्धं फ्रेंचांकडे असं दाखवायची वेळ तुमच्यावर येणारच.